आंबेगावचं कार्ड

रखमाजीआप्पांची बायको पक्षाच्या चार राष्ट्रीय अधिवेशनांना हजर होती आणि तिने पुण्याच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं.

पक्षाचा नियम असा, की दर तालुक्याने आपल्या सदस्यांमधून तीन प्रतिनिधी निवडून अधिवेशनाला पाठवायचे आणि तिघांत एक बाई हवीच. आंबेगाव तालुक्यात तो पाळायची रीत अशी होती: घोडेगावात सभा भरायची, तालुकाध्यक्ष म्हणून आप्पा तीन नावं वाचायचे, तिसरं नाव सौभाग्यवतींचं. टाळ्या. चहा. मग अधिवेशनाच्या दिवसांत सौभाग्यवती ओट्यावर गवार निवडत बसायच्या आणि त्यांचं कार्ड आप्पांच्या खिशातून कधी दिल्ली, कधी पाटणा बघून यायचं. कार्डावर फोटो असे, पण डोक्यावर पदर आणि फोटो टपालाच्या तिकिटाएवढा. तो कुणाचा, हे खुद्द त्यांनाही खात्रीने सांगता आलं नसतं.

आप्पा वाईट माणूस नव्हते. कुणाच्या दहाव्याला गेल्यावाचून राहत नसत, आणि पक्षाचं काम सांगितलं की तहानभूक विसरत. त्यांची चूक झाली तीही पक्षाच्या प्रेमापोटीच. मागच्या साली वरून सदस्यनोंदणीचा भला मोठा आकडा आला. तो भरेना, तेव्हा आप्पांनी आहुप्याच्या वाटेवरच्या वाड्या गाठल्या, तिथल्या बायकांची आधार कार्डं गोळा केली आणि दोन दिवसांत दीडशे फॉर्म भरून प्रत्येकीच्या हातात पावती ठेवली. आकडा भरला, वरून शाबासकी आली. आप्पांच्या लेखी विषय संपला.

कोंडाबाईच्या लेखी तो पावतीच्या मागच्या बाजूला सुरू झाला.

कोंडाबाई म्हणजे साठीला टेकलेली, बुटकी, चौथी शिकलेली बाई. हिरडा गोळा करणं, भातलावणी, आणि अर्ध्या वाडीची बाळंतपणं, एवढा तिचा व्याप. तिला कागद उलटा करून बघायची खोड होती. तिचा अनुभव असा, की धरणाचा असो, जंगलखात्याचा असो नाहीतर रेशनचा, कुठल्याही कागदाच्या पुढच्या बाजूला तुम्हाला काय मिळणार ते लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला ते का मिळणार नाही ते. या पावतीच्या मागे भलतंच निघालं. प्रतिनिधींच्या निवडीत प्रत्येक सदस्यास मताचा हक्क राहील, असं मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि मग वाडीवाडीत जाऊन बायकांना वाचून दाखवलं.

सभेच्या दिवशी सकाळच्या एसटीने एक्केचाळीस बायका घोडेगावात उतरल्या. आप्पा आधी खूशच झाले. जादा खुर्च्या मागवल्या, गर्दीचा फोटो काढून जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकला. मग त्यांनी तीन नावं वाचली आणि टाळ्यांसाठी थांबले. कोंडाबाई उठून म्हणाली, तिसऱ्या नावाला आमच्याकडचं एक नाव हाय. कुणाचं, म्हणून आप्पांनी हसत विचारलं.

"माझंच," कोंडाबाई म्हणाली.

आप्पांनी समजूत घातली, की असल्या गोष्टी आपल्याकडे टाळ्यांवर होतात, भांडण नको. कोंडाबाई म्हणाली, टाळ्या मोजता येत न्हाईत, चिठ्ठ्या मोजू. जिल्ह्याहून आलेल्या निरीक्षकांनी नियमाचं पुस्तक उघडलं, कारण ते मिटलेलं ठेवलं तर वाद वाढेल आणि जेवण लांबेल, एवढं त्यांना दिसत होतं. चिठ्ठ्या झाल्या. एक्केचाळीस विरुद्ध सतरा.

आप्पांनी घरी जाऊन बायकोला ही बातमी जपून सांगितली. ती म्हणाली, बरं झालं, पाचव्यांदा जायचा कंटाळाच आला होता.

अधिवेशन भोपाळला होतं. आंबेगावचे तीन आणि जुन्नरचे तीन, असे सहा जण पुण्याहून एकाच डब्यात बसले. जुन्नरकरांत खातूनभाभी होती, जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान चालवणारी. तिची ही सहावी खेप, आणि ती दर वेळी खरोखर जायची. तिचं म्हणणं, मला घरी ठेवून चालतंच नाही. "एका तिकिटात दोन जागा भरतात माझ्यामुळं. बाईची पण आन् मुसलमानाची पण. वर दाढीवाला फोटो पाहिजे असला, तर तेवढा मात्र माझ्याच्याने व्हायचा नाही." असं बोलून ती स्वतः हसायची नाही, समोरच्याला हसू द्यायची.

गाडी सुटल्यावर आप्पांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि सगळ्यांची कार्डं मागितली. हीही रीतच. दोन्ही तालुक्यांची कार्डं आप्पांकडे राहत, हरवू नयेत म्हणून. मतदानाच्या वेळी आप्पा ती पत्त्यांसारखी पसरून एकदम वर करत. लोकांना हात वर करायचेही कष्ट नकोत. खातूनभाभीने बाहेर बघता बघता आपलं कार्ड दिलं. कोंडाबाईने, सगळे देतात म्हणून, दिलं.

त्यावरून खातूनभाभीला सासऱ्यांची आठवण निघाली. सासरे महंमद हनीफ एकोणीसशे सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला जुन्नरचे प्रतिनिधी होते. तेव्हा कार्ड नव्हतं, कापडी बिल्ला होता, सदऱ्याला टाचलेला. तो दुसऱ्याला सांभाळायला द्यायचा म्हणजे सदराच काढून द्यावा लागला असता. पत्र्याची ट्रंक घेऊन दोन दिवस प्रवास, शाळेच्या वर्गात पेंढ्यावर झोपायचं आणि सकाळपासून वाद घालायचा. एका ठरावाला त्यांनी उभं राहून विरोध केला होता. आठ जण विरोधात होते.

"आठात मी एक, असं मरेपर्यंत सांगायचे," खातूनभाभी म्हणाली. "ठराव कशाचा होता ते मात्र शेवटी शेवटी विसरले."

कोंडाबाईने विचारलं, आन् तुमी कितींदा उभ्या ऱ्हायल्या. खातूनभाभीने उत्तर द्यायला इटारसीपर्यंत वेळ घेतला. मग म्हणाली, "कार्ड आप्पांकडे असतं ना गं."

भोपाळला मंडपाच्या दारात यंदा नवीन यंत्रं होती. कार्ड टेकवायचं, चेहरा दाखवायचा, हिरवा दिवा लागला की आत. आप्पा प्रत्येकाला कार्ड देत होते आणि दाराच्या आत हात पसरून परत घेत होते. आत प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. तीत टोपी, पेन, बिस्किटाचा पुडा आणि हिंदी पुस्तिका. आप्पांनी पुस्तिकेने वारा घ्यायला सुरुवात केली. आठ अधिवेशनं त्यांनी पुस्तिकेचा हाच उपयोग केला होता.

कोंडाबाईने तिची पुस्तिका खातूनभाभीपुढे धरली आणि वाचायला सांगितली. खातूनभाभीने चष्मा पुसला. पहिली पानं नेत्यांच्या फोटोंची होती, पुढची देशाच्या प्रगतीची. शेवटून दुसऱ्या पानावर पक्षाच्या घटनेतली दुरुस्ती होती. खातूनभाभी वाचता वाचता थांबली, परत मागे गेली, आणि मग तिने मराठीत सांगितलं: यापुढे तालुक्यांनी प्रतिनिधी निवडून द्यायचे नाहीत. पक्षाचं मुख्य कार्यालय योग्य वाटतील ती माणसं नेमील. सभा नाही, नावं नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. दुपारी जेवणानंतर मतदान.

कोंडाबाईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती उठली आणि दोन रांगा पुढे बसलेल्या आप्पांकडे गेली.

"आप्पा, माझं कार्ड द्या."

आप्पा म्हणाले, कशाला तरास, मी करतो ना वर.

"वर करायचंच न्हाई मला. ह्या ठरावाला न्हाई. एक्केचाळीस बाया घरची कामं टाकून एसटीनं घोडेगावला आल्या व्हत्या. त्यांनी धाडलेली मी. आन् मीच हात वर करून म्हणू का, की आता पुन्हा येऊ नका?"

आप्पांनी तिला शेजारी बसवून घेतलं. आवाज खाली आणला. त्यांनी सांगितलं, की इतक्या वर्षांत आंबेगावचा हात कधी खाली राहिला नाही, वर आपल्या तालुक्याला मान आहे तो त्यासाठीच. ठरावात काय आहे ते मोठ्या लोकांनी बघितलेलं असतं. एका कार्डाने होणार काय, चार हजार लोक आहेत. सगळं बरोबर होतं आणि आप्पा ते मायेने सांगत होते. कार्ड मात्र त्यांनी दिलं नाही. पिशवीची गाठ तेवढी जरा घट्ट केली.

कोंडाबाई जागेवर येऊन बसली. भाषणं चालू झाली. खातूनभाभीने तिच्याकडे बघितलं तर ती रडत नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. दहा कोस चालून गेल्यावर बाळंतपणात एखादी बाई अडली की वाडीतल्या लोकांना कोंडाबाईचा चेहरा जसा दिसत असेल, तसा तो दिसत होता. म्हणजे वाट बघणारा.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. आणि जेवणाचा नियम आप्पांना ठाऊक नव्हता, कारण तो यंदाच निघाला होता. मागच्या वेळी एकेका कार्डावर घरचे आणि गाडीचा ड्रायव्हर असे चौघं जेवून गेले होते. आता ज्याचं कार्ड त्यानेच हातात घेऊन यायचं, खिडकीवर कोपऱ्याला भोक पाडून घ्यायचं, मग ताट. आप्पांनी सगळ्यांची पिशवी एकदम पुढे केली, पण खिडकीवरची बाई ऐकेना. मागून रांग ओरडायला लागली. भुकेल्या माणसांपुढे कुठल्याच पक्षाची शिस्त टिकत नाही. आप्पांनी भराभर कार्डं वाटली आणि जेवण झाल्यावर हात धुण्याच्या नळापाशी पिशवी उघडून उभे राहिले.

पाच कार्डं पिशवीत पडली. आप्पांचं स्वतःचं धरून. त्यांत एक खातूनभाभीचं. टाकल्यावर ती हाताकडे बघत राहिली, हात आपल्याला न विचारता गेला अशी.

"कोंडाबाई, कार्ड?" आप्पा म्हणाले.

"ठिवलंय."

"कुठं?"

कोंडाबाईने चोळीकडे बोट दाखवलं आणि ताटात राहिलेला जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. चोळीत ठेवलेलं कार्ड परत मागायची रीत अजून कुठल्या तालुकाध्यक्षाला सापडलेली नाही. आप्पांनी पिशवीची गाठ मारली. मग म्हणाले, निदान वर करायच्या वेळी खाली तरी ठेवा, विरोधात नका करू, माझी अब्रू आहे. कोंडाबाईने नळाखाली हात धुतले.

अडीच वाजता दुरुस्ती वाचली गेली. वाचणारा इतक्या जोरात वाचत होता, की थांबला तेव्हाच लोकांना कळलं, झालं. अध्यक्षांनी माईक ओढला आणि सांगितलं, जे बाजूने आहेत त्यांनी कार्ड वर करावं. सबंध मंडप पांढरा झाला. आप्पांच्या हातात पाच कार्डं पसरली. मग अध्यक्ष एका श्वासात म्हणाले, विरोध में कोई नहीं, सर्वसम्मति से, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुणाला हात हलवायलाही सवड नव्हती.

पण अध्यक्षांनी श्वास घ्यायच्या आधीच कोंडाबाई उभी राहिली होती. चोळीतून कार्ड काढून तिने हात सरळ वर केला. तिची उंची अशी, की पुढच्या माणसाच्या टोपीपर्यंतच तो हात पोचला. तिने खाली बघितलं, चप्पल काढली आणि खुर्चीवर चढली. प्लॅस्टिकची खुर्ची डगमगली, तशी खातूनभाभीने तिचे दोन्ही पाय धरले.

आता इतक्या मोठ्या मंडपात कॅमेरावाले तासभर काहीतरी हलणारं शोधत होते. त्यांना ही सापडली. नऊवारीतली म्हातारी, खुर्चीवर उभी, हातात कार्ड. मंडपातल्या चारी मोठ्या पडद्यांवर कोंडाबाई दिसायला लागली, घरापेक्षा मोठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनाही भरून आलं. ते माईकवर म्हणाले, बघा, खेड्यापाड्यांतल्या आमच्या माता कशा उत्साहाने पाठिंबा देत आहेत, आणि त्यांनी तिला लांबून नमस्कार केला.

कोंडाबाईने नमस्कार घेतला नाही. वर केलेल्या हातानेच तिने नाही म्हणून हात हलवला. पडद्यावर तो हात केवढा तरी मोठा हलला. टाळ्या कुठे थांबायच्या ते कळेनासं होऊन हळूहळू थांबल्या.

एक स्वयंसेविका धावत आली आणि माताजी, बैठ जाइए म्हणू लागली. आप्पा रांगेतून वाट काढत आले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"कोंडाबाई, उतरा. हात जोडतो. सगळीकडं दिसतंय."

"दिसू द्या," कोंडाबाई म्हणाली. मग तिने स्टेजकडे बघून, डोंगराच्या पलीकडच्या बाईला हाक मारावी तसं म्हटलं, "मला मोजा."

स्टेजवर कुणाला मराठी कळलं नाही. अध्यक्षांनी शेजाऱ्याला काही विचारलं. शेजाऱ्याने खांदे उडवले. तेवढ्यात खुर्चीखालून, पाय न सोडता, खातूनभाभी बोलली. पेठेत तीस वर्षं बांगड्या विकलेला आवाज तो, त्याला माईक लागत नाही.

"गिनने को बोल रई है। एक है, विरोध में। गिनो उसको।"

अध्यक्षांनी समजावलं, की ठराव मंजूर झाला आहे, माताजींच्या भावनांचा आदर आहे. कोंडाबाई उभीच. त्यांनी पुढचा विषय पुकारला, वक्ता उठला, बोलायला लागला. कोंडाबाई उभीच. वक्ता बोलायचा आणि लोक पडद्याकडे बघायचे, म्हणून कॅमेरा तिच्यावरून काढला, तर लोक माना वळवून खुर्चीकडेच बघू लागले. हात भरून आला तेव्हा तिने कार्ड दुसऱ्या हातात घेतलं. मागे कुठेतरी ओडिशाकडचा एक म्हातारा प्रतिनिधी उठला आणि नियमाचं काहीतरी बोलू लागला. त्याला गप्प करता करता दुसरा उठला. त्यांचं मत बाजूनेच पडलं होतं, पण मोजायला काय जातं, असं दोघांचं म्हणणं. सव्वातीन वाजले. अध्यक्षांनी वक्त्याला थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, लिहा. मग माईकवर, कुणाकडेही न बघता: विरोध में एक।

"नाव," कोंडाबाई म्हणाली.

हे मात्र भाषांतर न करता कळलं. अध्यक्षांनी विचारलं. तिने नाव सांगितलं, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे सांगितलं, आणि मग खातूनभाभीच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. खुर्चीखाली सरकलेली चप्पल तिने शोधून पायात घातली.

परतीच्या प्रवासात आप्पा कुणाशी बोलले नाहीत. फोन तेवढे घेत होते. जिल्ह्याचा आला, मुंबईचा आला. प्रत्येक फोनवर ते "व्हय साहेब" म्हणत आणि ठेवल्यावर खिडकीबाहेर बघत. पुण्याला उतरून जीप केली. सकाळी नऊच्या सुमाराला जीप नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावी चहासाठी थांबली. बाकीचे पाय मोकळे करायला गेले. बाकड्यावर आप्पा, कोंडाबाई आणि खातूनभाभी राहिले.

आप्पांनी चहाचा कप हातात घेतला आणि शेवटी एकदाचं बोलले. "पुढच्या टायमाला तुमचं नाव लागणार न्हाई, कोंडाबाई. आत्ताच सांगून ठिवतो."

कोंडाबाई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती. "आन् तुमचं कोण लावनार हाय?"

"म्हंजे?"

"तुमी पाच कार्डं वर केली. कशाला केली, ते वाचलं व्हतं का?"

खातूनभाभीने पिशवीतून पुस्तिका काढून शेवटून दुसरं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. आप्पा बोट ठेवून हिंदी वाचू लागले. हळूहळू वाचत होते, ओठ हलवत. बोट एका ओळीवर थांबलं, मागे गेलं, परत त्याच ओळीवर आलं.

"हे आपल्यालाबी लागू हाय?" त्यांनी विचारलं.

"तालुका म्हणजे तालुका, आप्पा," खातूनभाभी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "जुन्नर पण गेलं, आंबेगाव पण गेलं. आपणच घालवून आलो. मी पण. पिशवीत मीच टाकलं ना माझं कार्ड."

आप्पांनी पुस्तिका मिटली, परत उघडली. बत्तीस वर्षं त्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, खुर्च्या मोजून परत केल्या होत्या, पक्षाच्या झेंड्याला काठ्या स्वतः तासल्या होत्या. मुख्य कार्यालयातल्या एका खोलीत बसून आता कुणीतरी ठरवणार होतं, की आंबेगावचं माणूस कोण. त्याने घोडेगाव बघितलेलंही नसेल. आप्पांच्या चहावर साय धरली.

कोंडाबाई म्हणाली, "आता आसं करू. घोडेगावात सभा घ्यायची, पयल्यासारखीच. चिठ्ठ्या टाकायच्या, तीन मानसं निवडायची. तुमी उभं ऱ्हा, मी बी उभी ऱ्हाते, हारलं तर हारलं. आन् वर कागद धाडायचा, की आमची मानसं आमी निवडली हायेत, तुमी नेमा नायतर नका नेमू. दारात आडवलं तर दारात बसू. जेवान घरनं नेऊ."

"जुन्नर पण लिहील," खातूनभाभी म्हणाली. "सही माझी. ह्या वेळी हात विचारून पुढं करीन."

आप्पांनी रस्त्याकडे बघितलं. नाशिकच्या बाजूने टोमॅटोचे ट्रक चालले होते, एकामागून एक. मग ते म्हणाले, "आसा कागद धाडला आन् वर कळलं, तर मला काढून टाकतील."

"कळावं म्हनून तर धाडायचाय, आप्पा," कोंडाबाई म्हणाली, आणि त्यांच्या कपावरची साय बोटाने काढून तिने कप त्यांच्यापुढे सरकवला. "चा घ्या. घोडेगावला पोचायच्या आत मजकूर ठरवू."